स्वयंनिर्णयाचा हक्क : माणसाचा, गावाचा, लोकांचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंनिर्णय म्हणजे नेमकं काय?

आपलं कसं चालावं हे ज्याचं त्याने ठरवायचं, हा त्याचा गाभा. व्यक्तीच्या बाबतीत लग्न, धर्म, शिक्षण, उपचार, कुठे आणि कोणाबरोबर राहायचं. लोकसमूहाच्या बाबतीत राज्य कोणाचं, कायदे कोणाचे, जमीन-जंगल-पाण्यावर शेवटचा शब्द कोणाचा. इथवर कुणाचं फारसं भांडण नसतं. भांडण पेटतं ते पुढे : ठरवणाऱ्यांत कोणाला धरायचं आणि त्यांच्यापुढे प्रश्न कोणत्या शब्दांत ठेवायचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. मतदार यादी आणि प्रश्नपत्रिका ज्याच्या हातात, अर्धा निर्णय त्याच्याच हातात.

ही कल्पना अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांची ना?

अर्धं खरं. जानेवारी १९१८ मधली विल्सन यांची चौदा कलमं सगळ्यांना पाठ असतात, पण त्या चौदा कलमांत हा शब्द नाही. तो त्यांनी पुढच्या महिन्यातल्या भाषणात वापरला. त्याआधीच, १९१४ मध्ये, लेनिनने राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयावर मोठा निबंध लिहिला होता, आणि १९१७ च्या अखेरीस बोल्शेविक सरकारने फिनलंडचं स्वातंत्र्य मान्यही केलं. विल्सन यांचेच परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग मात्र या शब्दाने धास्तावले होते. यात सुरुंग ठासलेला आहे, अशा अर्थाची नोंद त्यांनी खाजगीत केली होती.

आपल्याकडे ही हाक लगेच ऐकू आली. टिळक तेव्हा चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी त्यांचं नाव प्रतिनिधी म्हणून सुचवलं, सरकारने जाऊ दिलं नाही. मग त्यांनी १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र धाडून हिंदुस्थानसाठी हाच हक्क मागितला. उपयोग झाला नाही. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया यांना जे मिळालं ते आशिया-आफ्रिकेला मिळायचं नव्हतं. यादीत कोण, हा प्रश्न पहिल्याच फेरीत असा निकाली निघाला.

आज हा कायद्याने मिळालेला हक्क आहे की नुसतंच तत्त्व?

हक्क आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत पहिल्याच कलमात त्याचा उल्लेख येतो. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. नऊ देश तटस्थ राहिले, आणि त्यांत बहुतेक वसाहतवालेच होते. १९६६ च्या दोन्ही मानवी हक्क करारांचं पहिलं कलम शब्दशः एकच आहे : सर्व लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे.

"सर्व लोक" म्हणजे कोण, हे मात्र या दोन्ही करारांत कुठेही सांगितलेलं नाही. विसरून राहिलं असेल असं मला वाटत नाही.

मग कोणत्याही प्रदेशाला देशातून फुटून निघता येतं?

नाही. वसाहत, परकी कब्जा अशा स्थितीत स्वातंत्र्याचा हक्क स्पष्ट आहे. त्यापलीकडे आंतरराष्ट्रीय कायदा देशांच्या सीमांच्या बाजूने झुकतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९७० च्या जाहीरनाम्यात एक फट ठेवलेली दिसते : जे सरकार सगळ्या जनतेचं भेदभावाविना प्रतिनिधित्व करतं, त्याच्या अखंडतेला धक्का लागू नये. मग जे करत नाही, त्याचं काय? या फटीतून किती जणांना जाता येतं यावर कायदेपंडितांचं अजून एकमत नाही. बांगलादेशचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. १९७० ची निवडणूक जिंकलेल्यांना सत्ता नाकारली गेली, वर लष्कर सोडलं गेलं.

या बाबतीत सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेलं उत्तर मला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचं वाटतं. क्विबेक या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांतात १९९५ च्या सार्वमतात वेगळं होण्याच्या विरोधात ५०.५८ टक्के मतं पडली. म्हणजे देश केसाने वाचला. त्यानंतर १९९८ मध्ये न्यायालय म्हणालं : क्विबेकला एकतर्फी फुटता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटीला बसावंच लागेल, लोकांचा कौल ऐकलाच नाही असं करता येणार नाही. स्पष्ट प्रश्न ही अट घालायला कारण होतं. १९९५ ची मतपत्रिका लांबलचक होती, आणि "हो" म्हटल्यावर नक्की काय होणार हे बऱ्याच जणांना उमगलं नव्हतं.

"लोक" कोण हे लोकांनीच ठरवायचं ना?

तिथेच घोडं पेंड खातं. सर आयव्हर जेनिंग्ज या घटनातज्ज्ञांनी १९५६ मध्ये ही अडचण चपखल मांडली : लोकांनी ठरवावं हे ऐकायला ठीक आहे, पण लोक कोण हे आधी कुणीतरी ठरवल्याशिवाय लोक काहीच ठरवू शकत नाहीत.

क्विबेकचंच बघा. ३० ऑक्टोबर १९९५ च्या मतदानाच्या सहा दिवस आधी उत्तर क्विबेकमधल्या क्री आदिवासींनी स्वतःचं वेगळं मतदान घेतलं. ९६ टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, क्विबेक गेलं तर जाऊ दे, आम्ही आणि आमची जमीन कॅनडातच राहणार. कॅनडाची फाळणी होऊ शकते असं मानणाऱ्यांना क्विबेकचीही होऊ शकते हे मात्र पटेना.

पश्चिम सहारा या आफ्रिकेतल्या स्पॅनिश वसाहतीची गोष्ट याहून वाईट. स्पेन १९७५-७६ मध्ये तिथून निघून गेला, मोरोक्को शिरला. सार्वमत घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचं पथक १९९१ मध्ये दाखल झालं. १९७४ च्या स्पॅनिश जनगणनेतली नावं धरायची की मोरोक्को म्हणतो ती टोळीवार नावंही घ्यायची, या वादात वर्षं गेली. सार्वमत झालंच नाही. पथकाच्या नावात "सार्वमत" हा शब्द मात्र अजून आहे.

मतदान झालं म्हणजे स्वयंनिर्णय झाला, असं म्हणता येईल?

१९६९ मध्ये पश्चिम पापुआत इंडोनेशियाने हजारभर निवडक प्रतिनिधी गोळा केले आणि लष्कराच्या नजरेखाली इंडोनेशियात राहायला त्यांची एकमुखी संमती घेतली. त्याला नाव दिलं "मुक्त निवडीची कृती". हे मतदान धरायचं का ते तुम्हीच बघा.

उलट टोक दक्षिण सुदानचं. जानेवारी २०११ मध्ये जवळपास ९९ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं, कौल खराच होता. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे यादवी पेटली. वेगळं व्हायचं यावर एकमत झालं होतं. आत कोणी कसं राहायचं यावर कधीच झालं नव्हतं.

आपल्या भागात असं मतदान कधी झालं का?

झालं, आणि मराठी माणसाने ते नीट अभ्यासावं असं आहे. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेत आला. पक्षाच्या नावातच कार्यक्रम होता : गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा. आम्ही जिंकलो म्हणजे लोकांनी विलीनीकरणाला कौल दिला, असं त्यांचं म्हणणं. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सचं म्हणणं, मत पक्षाला दिलंय, प्रांत मिटवायला नाही; तो प्रश्न वेगळा विचारा. संसदेने त्यासाठी १९६६ मध्ये खास कायदा केला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ही गोष्ट आज वाचताना नवलाची वाटते.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळं राहणं. निकाल : दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

आता यादी आणि प्रश्नाकडे वळू. मुंबईत आणि परदेशात राहणाऱ्या गोवेकरांना टपालाने मत देऊ द्या, ही मागणी झाली. ती मान्य झाली नाही. ज्यांची घरं, देवळं, चर्च आणि वार्षिक जत्रा गोव्यात, पण नोकरी माझगाव-गिरगावात किंवा बोटीवर, ते "लोक" ठरले नाहीत. आणि प्रश्नात तिसरा पर्यायच नव्हता. स्वतंत्र घटक राज्य हवं असं वाटणाऱ्याला दोन पानांवर फुली मारून वाट बघावी लागली. ती वाट वीस वर्षांची निघाली. घटक राज्य मिळालं ३० मे १९८७ ला.

कौलाच्या दोनच महिन्यांनंतर विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकर पुन्हा निवडून आले. म्हणजे बऱ्याच जणांना भाऊ (बांदोडकर) हवे होते, विलीनीकरण नको होतं. पक्षाला दिलेलं मत आणि प्रांताच्या भवितव्यावरचं मत एक नव्हे, हा सिक्वेरांचा मुद्दा याहून चांगला सिद्ध झाला नसता. आणखी एक : विलीनीकरणाविरुद्धचं सगळ्यात धारदार लेखन "राष्ट्रमत" या मराठी दैनिकात, उदय भेंब्रे यांच्या सदरातून झालं. मराठी वाचणारा, मराठीत भजन म्हणणारा माणूस महाराष्ट्रात यायला राजी असेलच, हे गृहीतक मराठीतूनच मोडीत निघालं. आपल्याकडच्या काही मोठ्या नेत्यांना हे बरीच वर्षं पचलं नाही. गोव्यात १६ जानेवारी आज अस्मिताय दीस म्हणून पाळतात.

गोव्याला विचारलं, मग बेळगावला का नाही?

कारण राज्यघटनेत तशी सोयच नाही. तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. संबंधित विधानसभेचं मत मागवलं जातं, पण ते बंधनकारक नाही, आणि थेट जनतेला विचारण्याची तरतूद कुठेच नाही. गोव्याचा कौल हा अपवाद होता, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

महाराष्ट्राची सीमाभागाबाबतची मांडणी चार तत्त्वांवर उभी आहे : खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. महाजन आयोगाने बेळगाव शहर कर्नाटकाकडेच ठेवलं, महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. यात घटक कोणता धरायचा याला सगळं महत्त्व. खेडं धरलं तर नकाशा एक दिसतो, तालुका धरला तर दुसरा, जिल्हा धरला तर तिसरा. तिन्ही वेळा लोक तेच असतात.

लोकेच्छा हे तत्त्व मात्र आपण बेळगावपुरतं वापरायचं आणि विदर्भात कुणी स्वतंत्र राज्याच्या मतदानाचा विषय काढला की कपाळाला आठ्या घालायच्या, हे जमत नाही. वेगळ्या विदर्भाच्या बाजूने किंवा विरोधात असणं वेगळं. विचारूच नका म्हणणं वेगळं.

भारत सरकारची याबाबत अधिकृत भूमिका काय आहे?

१९७९ मध्ये १९६६ चे करार स्वीकारताना भारताने पहिल्या कलमाला एक निवेदन जोडलं : हा हक्क परकी अमलाखालच्या लोकांपुरता आहे, सार्वभौम देशांना किंवा एखाद्या राष्ट्राच्या एका भागाला तो लागू नाही. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्सनी यावर हरकत घेतली. त्याआधी १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने फुटून निघण्याचा प्रचार करायची वाट बंद झालीच होती. द्रमुकने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी त्याच काळात सोडली.

काश्मीरबद्दल लोक हमखास विचारतात. एप्रिल १९४८ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावात सार्वमताचा उल्लेख आहे, पण त्याआधी पाकिस्तानने आपली माणसं मागे घ्यायची आणि मग भारताने सैन्य कमी करायचं असा क्रम आहे. पहिली पायरीच पार पडली नाही. १९७२ च्या सिमला करारानंतर हा प्रश्न दोन देशांनी आपसात सोडवायचा, ही भारताची भूमिका राहिली आहे, आणि जम्मू-काश्मीर भारताचा अविभाज्य भाग आहे ही त्याहून आधीची. जुनागढमध्ये मात्र फेब्रुवारी १९४८ मध्ये मतदान झालं होतं. पाकिस्तानच्या बाजूने फक्त ९१ मतं पडली.

देश न फोडता स्वयंनिर्णय शक्य आहे का?

आहे, आणि माझ्या मते खरं काम तिथेच चालतं. फिनलंडमधल्या ऑलंड बेटांवरच्या स्वीडिश भाषकांना स्वीडनमध्ये जायचं होतं. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था) बेटं फिनलंडलाच ठेवली, पण भाषा, जमीन आणि स्थानिक कारभार यांची हमी देऊन. शंभर वर्षं झाली, व्यवस्था टिकून आहे.

लांब जायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव आहे. त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली : "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." ऐंशीच्या दशकात धरणांविरुद्धच्या आंदोलनातून गाव उभं राहिलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात आणि अभ्यास गटात त्याचा कीस काढतात. वेळखाऊ आहे का? आहेच. पण ५१ विरुद्ध ४९ ने हरलेले ४९ जण उद्या त्याच विहिरीवर भेटणार असतात, हे गावाला कळतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. कागद हातात, तरी बांबू विकता येईना. वनखातं म्हणे बांबू हे झाड आहे. नवा कायदा म्हणे ते गौण वनोपज आहे, म्हणजे गावाने विकायचं. वाहतूक परवान्याचं पुस्तक खात्याकडेच. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क २००९ ला मिळाला आणि तो वापरायचा कागद २०११ ला. स्वयंनिर्णयाच्या गप्पा मारताना या दोन वर्षांकडे कुणी बघत नाही.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी का, हे ग्रामसभांना विचारा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. कोणत्या गावांना विचारायचं ते राज्य सरकारने ठरवलं आणि शंभराहून जास्त वस्त्यांतून बारा गावं निवडली. यादीची खेळी इथेही झाली असं अनेकांना वाटलं. फळली नाही. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला.

पेसा कायद्याने ग्रामसभेला नकाराधिकार मिळतो का?

सरसकट नाही. १९९६ चा पेसा, म्हणजे पंचायत राज आदिवासी भागांत नेणारा कायदा, अनुसूचित क्षेत्रांना लागू होतो. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायला तो सांगतो, आणि सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. वाळू-मुरूम अशा गौण खनिजाच्या परवान्यासाठी त्यांची शिफारस लागते. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. महाराष्ट्राच्या पेसा नियमांतली एक तरतूद मला फार मोलाची वाटते : महसुली गावात दबून गेलेला पाडा किंवा वस्ती ठराव करून आपल्याला वेगळं गाव म्हणून जाहीर करा, अशी मागणी करू शकते. आपण कोण हे खालून ठरवायला वाव देणारे कायदे आपल्याकडे फारच थोडे आहेत.

समाजाचा स्वयंनिर्णय आणि व्यक्तीचा स्वयंनिर्णय यांत विरोध आला तर?

येतो, आणि आपल्याकडे तो १८८४ मध्येच कोर्टात उभा राहिला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झालं होतं. त्या माहेरीच वाढल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात. मोठ्या झाल्यावर नांदायला जायला त्यांनी साफ नकार दिला. लग्न झालं तेव्हा मला कळत नव्हतं, मी संमती दिलेली नाही, हा त्यांचा मुद्दा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो उलटला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

टिळकांची वृत्तपत्रं तेव्हा रखमाबाईंवर तुटून पडली. युक्तिवाद असा की आमच्या घरातले रीतिरिवाज परक्या सरकारने बदलू नयेत, सुधारणा करायच्याच तर समाज आपल्या आपण करील. युक्तिवाद पोकळ नव्हता. वसाहतीतल्या माणसाने असं म्हणणं समजू शकतं. पण "समाज आपल्या आपण ठरवील" म्हणताना ठरवणाऱ्यांच्या यादीत रखमाबाई नव्हत्या. पुढे ज्याने क्लेमांसोंकडे सगळ्या देशासाठी स्वयंनिर्णय मागितला, त्याला एका बाईचा नकार सोसवला नाही. टिळकांचं मोठेपण मान्य करूनही हे लिहावं लागतं.

१८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. नांदायला लावण्याचा दावा मात्र आजही हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आहे. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला होता, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वैध केला. तुरुंग गेला, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

बाबासाहेब आंबेडकरांचं याबाबत काय म्हणणं होतं?

त्यांनी दोन्ही टोकं एकदम धरली. बहिष्कृत वर्गाचं प्रतिनिधित्व बहिष्कृतांनीच निवडलेल्या माणसाने करावं, ही त्यांची स्वतंत्र मतदारसंघाची मागणी. १९३२ च्या पुणे करारात ती सोडावी लागली. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण शेवटची निवड सगळ्या हिंदू मतदारांकडे गेली. पुन्हा मतदार यादीच. जागा वाढणं आणि निवडण्याचा हक्क मिळणं यांतला फरक त्यांनी पुढेही सतत बोलून दाखवला.

दुसरं टोक व्यक्तीचं. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केलं की जन्म आपल्या हातात नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी अभ्यासात आणि लोकांशी बोलण्यात घालवली. मुंबईत १९३६ मध्ये महार परिषद भरवून आधी समाजापुढे विषय ठेवला. नेत्याने ठरवलं आणि समाज मागे गेला, असं त्याचं वर्णन करणाऱ्यांनी हा मधला काळ वाचलेला नसतो.

सज्ञान मुलीने आईवडिलांना न विचारता लग्न केलं तर कायदा कोणाच्या बाजूने?

मुलीच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केरळमधल्या प्रकरणात आणि २०२१ मध्ये कर्नाटकातल्या प्रकरणात हे निःसंदिग्ध सांगितलं आहे : दोन सज्ञान माणसं लग्नाला तयार असतील तर कुटुंबाची, जातीची किंवा समाजाची परवानगी लागत नाही. त्याचा पाया २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आहे. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घेणं त्यात धरलं. लिंगओळख ज्याची त्याने सांगायची हे त्याआधी, २०१४ मध्ये, मान्य झालं होतं. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने मात्र त्यावर जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र मागितलं.

निकाल हातात घेऊन पोलीस ठाण्यात गेल्यावर काय अनुभव येतो, ते गावागणिक बदलतं. आंतरजातीय जोडप्यांना हे सांगायला नको.

मानसिक आजार असलेल्या माणसाला स्वतःचे निर्णय घेता येतात का?

येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आजार आहे म्हणजे निर्णयक्षमता नाही, असं धरता येत नाही. पुढे कधी आपली शुद्ध हरपली तर कोणते उपचार हवे आणि कोणते नको, हे आधीच लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. ती व्यक्ती नातेवाईकच असली पाहिजे असं नाही. घरच्यांना हे अनेकदा पटत नाही.

मानसशास्त्रात याच नावाचा एक सिद्धांत आहे, तो वेगळा का?

वेगळा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी तो मांडला. माणूस मनापासून काम करतो त्यासाठी तीन गोष्टी लागतात : आपण हे आपल्या मर्जीने करतोय ही जाणीव, जमतंय ही जाणीव, आणि आपलं कुणीतरी आहे ही जाणीव. शाळा आणि कचेऱ्यांत त्याचा बराच वापर होतो. राजकीय हक्काशी त्याचा थेट संबंध नाही.

उपचार नको असतील तर ते आधी लिहून ठेवता येतं का? कसं?

येतं. ही वाट मुंबईतून सुरू झाली. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर चार दशकांहून जास्त काळ अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये न्यायालयापुढे पहिला पेच हा होता की त्यांच्या वतीने बोलायचं कोणी. न्यायालयाने तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांनी त्यांना जगू द्या असं म्हटलं. अरुणा शानबाग काय म्हणाल्या असत्या हे कुणालाच सांगता आलं नाही. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल, म्हणजे उपचारांबाबत आधी लिहून ठेवलेलं इच्छापत्र, वैध ठरवलं आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. सज्ञान आणि शुद्धीवर असलेला कुणीही ते करू शकतो. कोणत्या स्थितीत कोणते उपचार थांबवायचे किंवा सुरूच करायचे नाहीत, ते स्पष्ट लिहा. "जास्त त्रास नको" असं मोघम लिहिलं तर डॉक्टरला त्याचा काही उपयोग नाही. कृत्रिम श्वास, नळीने अन्न, डायलिसिस अशी नावं घालून लिहा. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासातल्या माणसाचं, शक्यतो दोघांचं, नाव घाला आणि त्यांच्याशी आधी बोला. दोन साक्षीदारांसमोर सही करा, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. आधी न्यायदंडाधिकारी लागत, आता लागत नाहीत. एक प्रत घरच्यांना, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, एक महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. वेळ आली की रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ त्यावर मत देतं. विचार बदलला तर ते केव्हाही लेखी रद्द करता येतं किंवा नवं करता येतं; जुन्या प्रती ज्यांच्याकडे दिल्या होत्या त्यांच्याकडून आठवणीने परत घ्या.